खोटी ठरवलेली तबकडी

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. खून, दरोडे, हायवेवरचे अपघात असं बरंच हाताखालून गेलं. पण पांढरकवड्याला ठाणेदार असताना आलेला एक साधा तक्रार अर्ज या सगळ्यांपेक्षा जास्त लक्षात राहिला आहे. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली माणसं अजून तिथेच राहतात आणि रोज एकमेकांसमोर येतात.

त्या काळात गावाबाहेर प्लॉट पाडून ठेवलेल्या एका रिकाम्या लेआउटवर डिस्क गोल्फ नावाचा खेळ सुरू झाला होता. हैदराबादला शिकून आलेल्या एका तरुणाने तो आणला. प्लास्टिकची तबकडी दुरून फेकत न्यायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पाडायची. टोपल्या गावातल्याच वेल्डरने बनवून दिल्या होत्या. रविवारी सकाळी डॉक्टर, मास्तर, दुकानदार, कॉलेजची मुलं तिथे जमत. आमच्या ठाण्यातली एक महिला शिपाईही जायची.

अर्ज घेऊन आले ते बियाणं-खताचे मोठे व्यापारी. त्यांनी ऑनलाइन परदेशी तबकड्यांचा महागडा संच मागवला होता आणि आलेला माल नकली होता, असं त्यांचं म्हणणं.

"नकली कशावरून?" मी विचारलं.

"साहेब, तिथं लिहून हाय, सगळ्यात लांब जाते म्हनून. इथं हातातून सुटली का डावीकडं वळते अन् धाडकन खाली. पोट्टे हसून राह्यले ना मले!"

"कंपनीला कळवलं?"

"कळवलं. 'असुविधेबद्दल खेद आहे' एवढंच येते. मानूस कोनी बोलतच नाई. अन् कंपनी कायले खोटं देईन? खोकं आननाऱ्यानंच माल बदलला. चौकात कोनालेबी इचारा."

चौकात कुणालाही विचारलं असतं तरी तेच ऐकायला मिळालं असतं, कारण चौकात ते यांनीच सांगून ठेवलं होतं.

खोकं पोचवणारा तरुण पंचविशीचा. एसटीत चालक म्हणून त्याची निवड झाली होती आणि त्याची चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यात यायची होती. चोरीचा गुन्हा नोंद झाला असता तर ती नोकरी गेलीच म्हणायची. मी अर्ज आधी चौकशीवर घेतला, स्टेशन डायरीत तशी नोंद केली आणि त्याला बोलावलं.

तो पार्सलची पिशवी खांद्यावर घेऊनच आला.

"सीलबंद खोकं देल्लं साहेब. काकानं पाहून घेतलं, सही केली. आत काय होतं, मले काय मालूम?"

"मग ते तुझंच नाव काहून घेतात?"

"मीच दिसतो ना त्यायले. कंपनी कुठं दिसते?"

दुसऱ्या दिवशी एका खबऱ्याने बातमी आणली. बसस्थानकाजवळ खेळाच्या सामानाचं एक जुनं दुकान होतं. मालकाला सगळं गाव चाचा म्हणायचं. "चाचाच्या दुकानात, आतल्या फळीवर, तशाच परदेशी तबकड्या हायेत साहेब. अन् तो पार्सलवाला रोज दुपारी तिथंच डबा खाते."

पंच घेऊन गेलो. फळीवर दहा-बारा तबकड्या निघाल्या. त्याच बनावटीच्या, तेच रंग. बिल एकाचंही नाही. माल, मैत्री, संधी, सगळं एका ओळीत बसत होतं. इतकं नीट बसणारं प्रकरण मला नोकरीत कधीच आवडलं नाही. माणसांचे व्यवहार एवढे सरळ नसतात.

चाचांना ठाण्यात आणलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. महिला शिपाई जबाब लिहून घ्यायला बसली.

"या कुठून आणल्या?"

"घेतल्या, साहेब."

"कुणाकडून?"

"ते नाही सांगणार."

"चाचा, चोरीचा माल ठेवला म्हणून तुमच्यावरही गुन्हा लागू शकतो."

"लावा साहेब. पण जबान दिली हाय लोकायले. दुकान त्याच्यावर चालते."

चोरट्याकडे उत्तर तयार असतं. गळ्याशी आलं की तो दुसऱ्याचं नाव सांगतो. चाचा मान वर करून बसले होते आणि नाव सांगत नव्हते. तेवढ्यात लिहिणारा हात थांबला.

"सर," महिला शिपाई उभी राहिली, "त्यातली निळी माही हाय."

"तू काहून बोलली बेटी?" चाचा कळवळून म्हणाले. "मी तर नाही सांगितलं ना!"

मग सगळं बाहेर आलं. तिनेही फोटो पाहून सगळ्यात लांब जाणारी तबकडी मागवली होती. फेकता येईना. परत करण्याची मुदत निघून गेली. शेवटी ती चाचांकडे गेली. त्यांनी तिच्या हातात एक मऊ, हळू जाणारी तबकडी दिली, दुकानामागच्या पडीक जागेत फेकून पाहायला लावली आणि बदल्यात निळी ठेवून घेतली.

"मीच म्हनलं सर, चाचा, कोनाले सांगू नका. पोलीसवाली असून फेकता येत नाई, म्हनतीन लोक."

"सगळे हेच म्हणतेत साहेब," चाचा म्हणाले. "ते लांबवाली लांब जाते, पण जोराचा हात पाहिजे. नवीन माणसानं फेकली का वळून पडतेच. मोबाइलवर फोटो दिसते, हात कुठं दिसते? माझ्या दुकानात आले असते तर पहिले हात पाहिला असता."

नुसत्या बोलण्यावर चौकशी मिटत नाही. रविवारी मी व्यापाऱ्यांचा संच घेऊन मैदानावर गेलो. व्यापारी होते, पार्सलवाला तरुण होता, चाचा होते, पंच होते, नेहमीचे खेळणारेही होते. हैदराबादला शिकून हा खेळ गावात आणणाऱ्या खेळाडूने त्यातली एक तबकडी हातात घेतली, कडेवर अंगठा दाबून पाहिला आणि फेकली. ती शेवटच्या टोपलीवरून पार पळसांच्या रांगेपर्यंत गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली.

व्यापारी माझ्या कानाशी आले. "साहेब, अर्ज मांगं घेतो."

"तो ठाण्यात येऊन घ्या. चोर मात्र तुम्ही याला चारचौघांत म्हणालात. ते इथं मागं घ्या."

त्यांनी घाम पुसला. वेळ लागला, पण बोलले. "माह्याच हातात जोर नाई. पोट्ट्यानं काई बदललं नाई."

मागून डॉक्टर म्हणाले, "भाऊ, चाचांकडची पिवळी माझी आहे."

"अन् केशरी माही," मास्तर म्हणाले. हशा उसळला. व्यापारीही त्यात सामील झाले. चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "गेला धंदा! आता कोण येते चोरून?"

पार्सलवाला तरुण तेवढा हसला नाही. व्यापाऱ्यांपुढे येऊन म्हणाला, "काका, रोज तुमच्या दारात येतो मी. एकडाव इचारलं असतं तर काय झालं असतं? सिद्धे पोलिसातच गेले तुमी."

व्यापारी तबकड्या गोळा करायला पळसांकडे वळले.

दुकानातल्या मालावरून भांडण झालं तर समोर दुकानदार असतो. तो ऐकतो, चिडतो, बदलून देतो. ऑनलाइन दुकानाला तोंड नाही. मग राग निघतो तो दारात उभ्या असलेल्या, सगळ्यांत कमी कमावणाऱ्या माणसावर. आणि आपला समाज त्याला चोर म्हणायला क्षणभरही थांबत नाही. त्याच गल्लीतल्या पैसेवाल्याबद्दल हे इतकं सहज कुणी बोललं असतं का? संशय घेणं पोलिसाचं कामच आहे. पण चोर कोण हे विचारण्याआधी चोरी झाली का, हे विचारावं लागतं, आणि बोट नेमकं याच्याकडेच का दाखवलं जातंय, हेही.

पुढच्या आठवड्यात त्याची पडताळणी टेबलावर आली. गुन्ह्यांच्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं आणि सही केली. एका माणसाला आपली तबकडी जवळच पडते हे कबूल करायची लाज वाटली, एवढ्यावरून तो शब्द लिहायचा राहून गेला असता.