हाताची ऊब

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू वर्कशॉपमध्ये जाणं का सोडलंस?" गुडघे दुखतात, असं मी सांगितलं. दुखतात हे खरं, पण कारण ते नव्हे. तुम्ही इतक्या लांब आहात की दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला ते कळायचं नाही, म्हणून मीच लिहिते.

अंबडच्या आपल्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मी ग्राइंडिंग मशीन चालवलं. यंत्राच्या भागांची भोकं तपासायला जे पोलादी गेज लागतात, ते घासून मापात आणणं हे माझं काम. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाइतका फरकही चालत नसे. शेवटचं माप माझं. मी पास म्हटल्याशिवाय माल बाहेर जात नसे.

दोन वर्षांपूर्वी सिन्नरहून एक मुलगी कामाला आली, आयटीआय झालेली. मीच तिला शिकवलं. वर्षभरात ती माझ्याइतकंच नीट आणि माझ्यापेक्षा लवकर काम करू लागली. पुण्याच्या गिऱ्हाइकाने वर्कशॉप सांभाळणाऱ्या तुमच्या काकाला सांगितलं, "त्या मुलीने केलेलेच गेज पाठवा." लेथवर काम करणारे आमचे जुने टर्नर म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही फक्त चहाला यायचं." मी हसले, पण आतून जळत होते. त्यातच काकाने ठरवलं, दिवाळीनंतर शेवटचं मापही तिच्याकडे द्यायचं.

त्याच आठवड्यात तिने केलेला एक गेज मी उचलला. एखादा ओरखडा सापडावा म्हणून मुठीत धरून, फिरवून फिरवून पाहत राहिले. सापडला नाही. मग लगेच मायक्रोमीटर लावला. तीन मायक्रॉन जास्त, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या बाहेर!

"रिजेक्ट," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आणि म्हणे ही शेवटचं माप घेणार!"

ती मग म्हणाली, "मॅडम, जरा प्लेटवर ठेवू का? लय वेळ हातात होता तुमच्या."

तेव्हाच मला कळलं. हाताच्या उबेने पोलाद फुगतं. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, हातात धरलेला गेज ग्रॅनाइटच्या थंड प्लेटवर ठेवायचा, निवू द्यायचा, मग मापायचा. आमचा चहा होईपर्यंत तो तिथे राहिला. पुन्हा माप घेतलं. बरोबर होतं.

टर्नर खाली मान घालून काम करत होते. ती म्हणाली, "होतं असं, मॅडम. माझंबी झालंय."

तिचं तसं कधीच झालेलं नव्हतं. मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकाला म्हटलं, "दिवाळीची वाट कशाला बघतोस? आजपासून तिलाच दे." शाबासकी मात्र तिला दिली नाही. अजूनही दिलेली नाही.

माझा मायक्रोमीटर आता तिच्या टेबलावर असतो. त्याच्या लाकडी पेटीच्या झाकणाला आतून माझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली आहे: मापण्याआधी थांबा. तिने ती काढलेली नाही, असं काका सांगतो.