मशेरी लावून रिकामं पोट

शेजारीण तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायला लागली, की तो खवखवणारा वास घरात शिरतो आणि मला शाळेचा ओटा आठवतो. शेणव्याजवळच्या आमच्या गावात पोटातल्या एका जंतूवर संशोधन करणाऱ्या बाई आल्या होत्या. तो जंतू वर्षानुवर्षं पोटात राहून कुणाकुणाला कॅन्सर कसा करतो, हे त्यांना शोधायचं होतं. माझे मालक पोटाच्याच कॅन्सरनं गेलेले, आणि आता लेकीच्या पोटात तशीच जळजळ सुरू झालेली, म्हणून बायकांना गोळा करून शाळेच्या ओट्यावर मीच नेलं. उपाशीपोटी पिशवीत फुंकायचं, त्यावरून जंतू कळतो म्हणे. बाईंनी विचारलं, "तोंडात काही घातलं नाही ना?" "नाय गो बाय, पाण्याचा थेंब नाय," म्हणत आम्ही सगळ्या काळ्या दातांनी हसलो. "मग हे काय?" "ती मशेरी! ती काय खायची असते?" बाईंनी कपाळाला हात लावला, मग हसतच पिशव्या आवरल्या. "उद्या परत येते. तपासणी चुकली तर माझं शोधणंही चुकेल." दुसऱ्या दिवशी मशेरीवाचून डोकं ठणकत होतं, तरी लेकीचा हात धरून पहिली मी बसले. तिच्या पोटात जंतू निघाला, औषधानं गेलाही. बाईंचं काम मात्र अजून चालू आहे. दरवर्षी भाताची झोडणी झाली की त्या येतात. उद्या यायच्या आहेत, म्हणून आत्ताच कुडावरून शेजारणीला ओरडून आले, "गो, उद्या सकाळी मशेरीची डबी उघडलीस तर बघ, बाईंना दुसरी फेरी मारायला लावायची नाय!"