आत्यानं केलेला हात

मी मुळात तापट. त्यातून चारचौघांत फजिती होईल असं वाटलं, की माझा आवाज आणखी चढतो. त्या दिवशी वॉटर पार्कच्या पार्किंगमध्ये तो चांगलाच चढला, कारण आमच्या गाडीच्या डिकीतून आत्यानं गोधड्यांचं गाठोडं बाहेर काढलं होतं.

सोयगावकडच्या आमच्या गावात त्या उन्हाळ्यात टँकरशिवाय पाणी नव्हतं, म्हणून आत्या माझ्याकडे राहायला आली होती. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. आमचा फ्लॅट शहराच्या टोकाला, कालपरवापर्यंत जिथं बाजरी उभी असायची तिथल्या नव्या वसाहतीत. पाणी तिथंही टँकरचंच. फक्त ते सोसायटीच्या टाकीत पडून नळातून यायचं, त्यामुळे मला दुष्काळ दिसत नव्हता. आत्याला दिसत होता. भाजी धुतलेलं पाणी ती बादलीत धरून ठेवायची आणि मी ते ओतून द्यायचे.

डोंगराच्या पायथ्याशी, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वॉटर पार्क नवंच झालं होतं. बाहेर उंच घसरगुंड्या, आत एका बंद हॉलमध्ये खोट्या लाटा आणि छतातून पडणारा पाऊस. मुलानं हट्ट धरला. ऑफिसातली मैत्रीणही घरच्यांना घेऊन येणार होती. हे सगळं ऐकून आत्यानं सकाळी कुणाला न सांगता गोधड्या आणि साबणाची वडी डिकीत टाकली. दोन वर्षं गोधड्या धुतल्या नव्हत्या. एवढ्या पाण्यावर जायचं आणि तसंच परत यायचं, हे तिला पटणारच नव्हतं.

"तिकीट काढून गोधड्या धुवायला येतं का कुणी?" मी ओरडले.

"आत कशाला धुतीया मी? भायेर पडतच आसंल की कुठंतरी पानी," ती शांतपणे म्हणाली.

तसंही लुगड्यात तिला आत सोडणार नव्हते. आत नायलॉनचेच कपडे चालत. माझा तसला झगा गुलमंडीच्या बाजारातून खास आणलेला होता. मैत्रिणीची गाडी वळताना दिसली, तशी मी आत्याला बाभळीखाली बसवलं आणि नवऱ्याला व मुलाला ओढत आत गेले. आमच्याबरोबर कुणी आलंय, हे मी मैत्रिणीला सांगितलंच नाही.

दुपारी आम्ही दोघी उंच घसरगुंडीच्या जिन्यावर रांगेत उभ्या होतो. चष्मा मी दोरीनं डोक्यामागे घट्ट बांधला होता. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे पार्कचं वापरलेलं पाणी एका चरातून वाहत होतं. तिथं आसपासच्या वस्तीवरच्या दोन-चार बाया हंडे भरत होत्या आणि त्यांच्यात आत्या. पदर खोचून गोधडी आपटत होती. ती जांभळी गोधडी माझ्या आईच्या लुगड्यांची होती. मी ती शंभरांत ओळखली असती.

आत्यानं वर पाहिलं. मला ओळखलं आणि दोन्ही हात उंच करून हलवले.

"कुणाला हात करतेय ही बाई?" मैत्रीण म्हणाली. "पाणी दिसलं की येतातच. घाण करून ठेवतात नुसती."

"हो ना," मी म्हणाले, "कुठून येतात कोण जाणे."

एवढं बोलून मी हसलेसुद्धा. मग चष्मा काढून हातात घेतला आणि स्वतःला खाली सोडून दिलं.

परतताना ओल्या गोधड्या डिकीत आणि आत्या खुशीत. "म्या हात केला व्हता, तू वर हुबी व्हतीस तवा. दिसले नाय व्हय गं?"

"चष्मा काढला होता ना," मी म्हणाले. "चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही."

चष्मा नुसता वाचायला लागतो, अशी तिची आजवर समजूत होती. घरी पोचेपर्यंत ती माझ्याकडे चोरून पाहत राहिली.

पाऊस पडला, आत्या गावी गेली. संक्रांतीला मी गेले, तेव्हा तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. स्वतः घेतला नाही. चहाही बिनसाखरेचा प्यायली. चहात दोन चमचे साखर लागणारी बाई! आत्याच्या सुनेनं, वहिनीनं आत नेऊन सांगितलं, "तुमच्यासाठी मारुतीला नवस बोलल्यात. पोरीला बिनचष्म्याचं दिसूस्तोवर गोड खानार नाय म्हनं."

तेव्हाच बाहेर जाऊन खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि "थंडी फार आहे यंदा" एवढंच बोलले. माझी मला किळस आली.

पुढच्या खेपेला मी फाट्यावर उतरले आणि चष्मा पर्समध्ये टाकला. ठेचकाळत घरी गेले. "आत्या, ऑपरेशन केलं. आता सगळं दिसतं. सोड तुझा नवस."

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग उठली आणि गल्लीच्या टोकाच्या लिंबापर्यंत गेली. मला तिच्या लुगड्याचा नुसता हिरवा डाग दिसत होता.

"दिसतंय का गं?" तिनं तिकडून हाक मारली.

मी ओट्यावर उभी राहिले. दोन्ही हात उंच केले आणि जोरजोरात हलवले.

डाग बराच वेळ जागचा हलला नाही. मग हळूहळू मोठा होत त्याची आत्या झाली. ती माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"म्या हात केलाच नव्हता, बाई," ती म्हणाली, आणि आत वहिनीला सांगितलं, "माझा चहा बिनसाखरेचाच ठेव."