हरलेल्या कप्तानाचा सत्कार

पुण्याच्या त्या फुटबॉल संघावरचा माझा राग अजून गेलेला नाही. संघ आता उरलेला नाही, मालकांनी तो विकून टाकला, खेळाडू कुठं कुठं पांगले. तरी टीव्हीवर कुठं त्या रंगाची जर्सी दिसली की माझ्या कपाळाची शीर उडते.

लातूरच्या बाईनं पुण्याच्या फुटबॉलवर चिडायचं कारण काय, असं पुष्कळ जणांनी विचारलंय. कारण माझा भाऊ. भूकंप झाला तेव्हा दादा दहावीत होता. आमचं गाव औसा तालुक्यातलं. घर पडलं, आजोबा गेले, आई-बापू आणि आम्ही दोघं वाचलो आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो. ढिगारे उपसायला लष्कराचे जवान आले होते. त्यातले काही बंगालकडचे. दिवसभर नाकाला फडकं बांधून माती उपसायचे आणि संध्याकाळी हातपाय धुऊन मोकळ्या रानात फुटबॉल खेळायचे. दादा आधी बघायला जायचा, मग त्यांच्यात खेळायला लागला. आई संतापायची. "माणसं मरून पडलीत अन् तू चेंडू खेळून राहिलास?" दादा ऐकून घ्यायचा. परत दुसऱ्या दिवशी जायचा. त्या शेडमध्ये मी त्याला फक्त खेळून आल्यावरच पोटभर जेवताना बघितलंय.

पुढं तो नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून झाला आणि मी लातूरला एका मोठ्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. लातूरचं तेव्हा क्लासचं गाव होऊन गेलं होतं. गल्लीगल्लीत वसतिगृहं, चौकाचौकात पोरांचे फोटो लावलेले फलक, आणि डॉक्टर व्हायला आलेली चारी बाजूंची लेकरं. त्याच सुमारास पुण्याला व्यावसायिक संघ निघाला आणि दादाला चाळिशीकडं झुकताना पुन्हा फुटबॉलचं वेड लागलं. सामना असला की तो नांदेडहून अहमदपूरमार्गे एसटीनं माझ्याकडं यायचा, कारण त्याच्या घरात टीव्ही वहिनीच्या ताब्यात. वहिनी म्हणायची, "हरायचंच बघायला एवढ्या लांब जाता? इथंच हरा की."

तिसरे आमच्या क्लासचे रसायनशास्त्राचे सर. उदगीरचे. त्यांना फुटबॉलपेक्षा आमच्याबरोबर बसून शिव्या द्यायला आवडायचं, असं मला वाटतं.

आणि शिव्या द्यायला संघ काही कमी ठेवत नव्हता. सामना संपत आला की हमखास गोल खायचा. बचावाला एक उंच परदेशी गडी होता, तो समोरून माणूस चेंडू घेऊन धावत आला तरी बाजाराला निघाल्यासारखा चालायचा. प्रशिक्षक बदलले, जर्सी बदलली, खेळ तोच. प्रत्येक पराभवानंतर संघाकडून एकच वाक्य यायचं, आम्ही यातून शिकत आहोत. सर वैतागून म्हणायचे, "आपली पोरं दोन वर्षांत सगळं शरीरशास्त्र शिकतात. हे अजून शिकूनच राहिले!"

तरीपण दादानं संघ सोडला नाही. एका हंगामाचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना बघायला आम्ही तिघं पुण्याला गेलो. दादानं पलंगपोस कापून फलक केला होता, "नांदेड-लातूर तुमच्यासोबत". रात्रंदिवस क्लासमध्ये उभं राहून माझे पाय सुजलेले होते, तरी गेले. चार-शून्यनं हरलो, तेही तळाला असलेल्या संघाकडून. तिसरा गोल झाला तेव्हा आमचा गोलरक्षक हात कमरेवर ठेवून पंचाकडं बघत होता. आजूबाजूचे लोक उठून जायला लागले. दादा उठला नाही. सामना संपल्यावर खेळाडू गॅलरीपुढं येतात, हात हलवतात, हरले तरी येतात, अशी रीत आहे. त्या दिवशी सगळे मान खाली घालून सरळ आत निघाले.

दादा कठड्याला जाऊन भिडला. "ओ! एकदा इकडं बघा तरी! हात तरी हलवा!"

गळ्यात संघाचं ओळखपत्र अडकवलेला एक तरुण धावत आला. "काका, मागं व्हा. कुठून आलात तुम्ही?"

"मी नांदेडहून. ही माझी बहीण, लातूरहून."

तो हसला. "एवढ्या लांबून कशाला यायचं? घरी टीव्ही नाही का?"

मला वाटलं दादा त्याच्या अंगावर जाईल. गेला नाही. फलकाची घडी घालायला लागला. परतीची गाडी टेंभुर्णीला थांबली. तिथं चहाला उतरलो आणि ग्लास हातात घेतल्यावर त्याचा आवाज चढला. बाजूची माणसं वळून बघायला लागली.

"हरा ना. हरायला कोण नको म्हणतंय? पण हरल्यावर माणसासमोर यावं लागतं. आपलं घर पडलं तेव्हा बापू आल्यागेल्याला उठून राम राम करत होता. अंगावर सदरा नव्हता नीट. हे कोण लागून गेले?"

सर काहीतरी विनोद करणार होते, पण दादाचं तोंड बघून चहाचे पैसे द्यायला उठले.

हे एवढ्यावर संपलं असतं. पण जूनमध्ये आमच्या क्लासचा गुणवंतांचा सत्कार ठरला आणि संचालकांनी प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं कुणाला, तर त्याच संघाच्या कप्तानाला. विषय, जिंकणाऱ्यांची मानसिकता. शहरभर फलक लागले, "विजेते भेटणार विजेत्यांना". मी रिक्षातून क्लासला जाताना वाचलं आणि हसावं की ओरडावं कळेना.

सरळ संचालकांच्या खोलीत गेले. "सर, हा संघ खालून दुसरा आलाय."

"मॅडम, लातुरात फुटबॉल कुणाला कळतंय? टीव्हीवर दिसणारा माणूस आहे. पोरांना फोटो पाहिजे, पालकांना फोटो पाहिजे."

"पण विषय तरी बदला."

"तुम्ही शिक्षकांच्या रांगेत बसा, बाकी आम्ही बघतो."

सत्काराच्या दिवशी मात्र कप्तानापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा संताप आला. सभागृह मोठं घेतलं होतं आणि भरलेलं दिसायला हवं होतं. म्हणून ज्यांना मार्क पडले नाहीत त्या पोरांनाही निरोप गेले होते, हजर राहणं सक्तीचं. त्यांना मागं बसवलं. शिरूर अनंतपाळची एक मुलगी माझ्या वर्गात होती, हुशार, पण परीक्षेच्या आधी टायफॉइड झाला आणि राहून गेली. तीही त्या रांगांमध्ये. क्लासचा एक माणूस मागं फिरून सांगत होता, "नाव पुकारलं की जोरात टाळ्या. हात वर करून." ती मुलगी हात वर करून टाळ्या वाजवत होती.  आणि पुढं व्यासपीठावर फेटा बांधून, हार घालून, हरलेला कप्तान बसला होता. इथं मार्कांत हरलेल्या लेकरांनी खेळात हरलेल्या माणसाला विजेता म्हणून टाळ्या द्यायच्या होत्या.

दादा नांदेडहून सकाळच्या गाडीनं आला होता. मी त्याला शिक्षकांच्या मागं जागा धरली होती, पण तो मुद्दाम मागच्या पोरांत जाऊन बसला.

कप्तानानं हिंदीत भाषण केलं. मेहनत, शिस्त, स्वप्न. कुणीतरी लिहून दिलेलं असावं, कारण त्याचं स्वतःचं लक्ष त्यात नव्हतं. मग प्रश्न विचारायची वेळ आली. दोन प्रश्न आधीच ठरवून दिलेले होते, ते झाले. तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला. नांदेडची हिंदी, मोठ्यानं.

"कप्तान साहब, तुम हारे, उसका कुछ नहीं. लेकिन हारने के बाद हमारे सामने आए क्यों नहीं?"

 कप्तानानं मान वर केली. त्या दिवसात पहिल्यांदाच तो खरोखर कुणाकडं तरी बघत होता. माईक हातात घेऊन तो उभा राहिला. "हमको सीधा अंदर जाने को बोला था," तो म्हणाला. "लेकिन मुझे आना चाहिए था. मैं..."

पुढं काय होतं ते कुणालाच कळलं नाही. संचालकांनी माईक त्याच्या हातातून हसत हसत काढून घेतला. "वेळेअभावी प्रश्नोत्तरं इथं थांबवू या." आणि दोन माणसं मागं जाऊन दादाचा दंड धरून त्याला उठवायला लागली.

मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. "हात काढा. माझा भाऊ आहे तो." सगळे माझ्याकडं वळले. मग थांबता येईना. "अन् मागच्या पोरांना कुणी विचारलं का, त्यांना टाळ्या वाजवायच्यात का? घरी जाऊ द्या त्यांना. लेकरं आहेत ती, गर्दी नाही."

माझ्या शेजारी रसायनशास्त्राचे सर बसले होते. त्यांनी माझ्या पदराला हलकेच ओढलं आणि पुटपुटले, "मॅडम, बसा. तमाशा नको." टेंभुर्णीच्या चहापर्यंत आमच्याबरोबर आलेला माणूस. ते खाली बसून राहिले, समोर बघत. मागं काही पोरं उठली आणि दाराकडं चालू लागली. शिरूरची मुलगी उठली की नाही ते मला गर्दीत दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही. मग शिक्षा म्हणून मला सगळ्यात शेवटच्या तुकडीला टाकलं, जिथं कुणी शिकवायला तयार नसे. मी त्यांना मन लावून शिकवलं. दिवाळीला तिथलं काम सोडलं आणि अहमदपूरला महाविद्यालयात लागले.

दादाला मात्र समाधान नव्हतं. फोनवर म्हणाला, "बोलून राहिला होता गं तो. खरं बोलून राहिला होता. त्याला पूर्ण बोलू दिलं असतं तर माझं भांडण मिटलं असतं." त्याचा राग आता कप्तानावर नव्हता, माईक ओढणाऱ्या हातावर होता. 

पुढं मालकांनी संघच विकला. आम्हाला कुणी कळवलं नाही, कळवायचं कारणही नव्हतं. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्या दिवशी दादानं ऑफिसातूनच फोन केला. "आता भांडायचं कुणाशी? सांग ना! कुणाशी भांडायचं?"  तो बराच वेळ ओरडत राहिला, मी ऐकत राहिले.

मध्यंतरी सरांचा निरोप आला. दुसऱ्या शहराचा नवा संघ चांगला खेळतोय, दादाला बोलवा, सामने बरोबर बघू. निरोप वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. हरणाऱ्या संघाला मी एक वेळ माफ करीन. त्या दिवशी बसून राहिलेल्या सरांना अजून उत्तर दिलेलं नाही.