कॅरम बोर्डातला दोष

घरात कोणतेही कार्य असो, पंगत उठली की माझे मेहुणे सुपारी कातरत सुरू होतात. "नोकरी गेली तेव्हा भाऊजींनी मोबाइलवर घरातल्या वस्तू विकायला काढल्या, आणि जाहिरातीत त्यांची इतकी बदनामी केली की गिऱ्हाईकच त्या वस्तूंची समजूत घालून जायचं." सगळे हसतात. त्यावर माझी मुलगी भर घालते, की कॅरम बोर्ड गेला त्या दिवशी बाबा रडले. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत; आणि त्या दिवशी जे घरात नव्हते त्यांनी ती करावीत, हे त्याहून चुकीचे आहे.

वस्तुस्थिती अशी. कामणच्या एका गोदामात येणारा माल तपासून त्यातले दोष नोंदवणे, हे काम मी सव्वीस वर्षे केले. गोदाम बंद झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी चंदनसारच्या फ्लॅटमध्ये भरदिवसा बसून राहू लागलो. वस्तू विकणे भाग होते. टेबलफॅनच्या फोटोखाली मी लिहिले, 'तीन नंबरवर कण्हतो.' मिक्सरखाली, 'सुके खोबरे टाकल्यास थांबतो.' यात बदनामी कसली? घरी नेल्यावर जे कळणारच होते, ते आधी कळले. शिवाय पंखा आणि मिक्सर, दोन्ही विकले गेले. हे मेहुणे कधी सांगत नाहीत.

उरला कॅरम बोर्ड. तो मला विकायचा नव्हता, हे मी इथे प्रथमच मान्य करतो. नोकरी गेल्यापासून दुपारी भांडी आटोपली की बायको हॉलमध्ये सतरंजीवर बोर्ड मांडायची. "तुमची पाठ दुखते, तुम्ही भिंतीला टेका," म्हणायची आणि स्वतः खिडकीशी बसायची. दोन ते चार आम्ही खेळत असू. तेवढा वेळ 'आता पुढे काय' हा प्रश्न घरात कोणी काढत नसे. बहुतेक डाव मी जिंकत असे.

पण सिलिंडर संपला, तेव्हा तीच म्हणाली, "टाका फोटो. सोंगट्या शिजवून खाता येत नाहीत."

मी टाकला. खाली दोष लिहिला, 'संथ सोंगटी एका कडेला ओढली जाते. कंपनीचा शिक्का आहे, त्याच्या समोरच्या कडेला.' दोषापोटी किंमतही निम्मी लावली.

चिंचोटीहून एक गृहस्थ मोटारसायकलवर आला. मालाची लाकडी खोकी ठोकणारा सुतार. त्याने बोर्ड उलटून पाहिला, कडा चाचपल्या, मग मांडून एक सोंगटी हलकेच सोडली. ती खिडकीकडे सरकली. त्याने बोर्ड अर्धा फिरवला आणि पुन्हा सोडली. पुन्हा खिडकीकडेच.

"काका, तुम्ही बोर्ड कधी फिरवून बघितला नाय काय?"

नव्हता बघितला. खुणेची बाजू नेहमी तपासणाऱ्यासमोर हवी, हा गोदामाचा नियम. म्हणून शिक्का सदैव माझ्याकडे असे.

"काकी, जरा पानी द्या."

बायकोने ग्लास दिला. त्याने अर्धा पिऊन उरलेले पाणी लादीवर ओतले. ओघळ थेट खिडकीकडे निघाला.

"बोर्डात कायच खोट नाय. तुमची लादी उतरती हाय."

"मग किंमत पूर्ण घ्या!" बायको म्हणाली.

"लिहिलेली किंमत बदलत नाही."

"चूक लिहिली असली तरी?"

"तरी."

"तुमचं चालू द्या," तो हसत म्हणाला. "मी तोवर दोरी आनतो."

बोर्ड देण्यापूर्वी मी पुसून दिला. तेव्हा बोरिक पावडर डोळ्यांत गेली. दोन्ही डोळ्यांत गेली, कारण वारा समोरून होता. मुलगी कॉलेजात होती. तिने घरी आल्यावर फक्त लाल डोळे पाहिले.

तो गेल्यावर लादी पुसता पुसता बायको म्हणाली, "उतार मला ठाऊक होता. मणी, टाचण्या, जे पडेल ते खिडकीखालीच सापडतं."

मी चकित झालो. सोंगट्या खिडकीकडे साचत. मला त्या समोरून सरळ मारता येत. तिला मात्र बोट उलटे वळवून.

"मग बोलली का नाहीस?"

"नोकरी गेलेल्या माणसाला डाव तरी जिंकू द्यावा."

हे मला आजही मान्य नाही. माझा हात चांगला होता.

सात महिन्यांनी दुसऱ्या गोदामात काम मिळाले. पहिल्या पगारातून मी नवा बोर्ड आणला, खिडकीकडच्या कडेखाली वर्तमानपत्राच्या घड्या सारल्या आणि बोर्डाच्या मध्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवून समतोल पाहिला. ती सवयीने खिडकीशी बसली. पहिला डाव ती जिंकली, आणि ते अर्थातच मेहुण्यांना कळवून झाले.

परंतु एका नगावरून सबंध मालाचा निकाल देत नाहीत. आता मी निवृत्त आहे. रोज दोन वाजता सतरंजी ती घालते, घड्या मी सारतो. तपासणी अजून चालू आहे.