एक नंबर काकांचे पंधरा शब्द

मानसशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात एक फलक आहे. कोणाला पारितोषिक मिळालं, कोणाचा शोधनिबंध छापून आला, सगळं त्यावर लागतं. पीएच.डी.ची मुलं येता-जाता मान वर करून बघतात. पण या सगळ्यांच्या प्रयोगाला पहिला कोण बसला, ते तिथे कुणी लिहिलेलं नाही. तो मान प्रयोगशाळेच्या मदतनिसाचा. एकतीस वर्षं झाली, नवा प्रयोग आला की त्याची तालीम आधी यांच्यावर. कागदावर नाव नसतं, नुसता क्रमांक, म्हणून सगळे त्यांना ‘एक नंबर काका’ म्हणतात. काकांना त्याचा कोण अभिमान.

काम सोपं. पंधरा शब्द ऐकायचे आणि वीस मिनिटांनी आठवतील तेवढे सांगायचे. खिडकी, दोरी, शिडी, बटण... ती यादी काकांना तोंडपाठ होती. उगाच दोन शब्द गाळायचे, खरं वाटावं म्हणून. तालीमच ती, कुणाचं काय बिघडणार होतं?

या वेळी मात्र तालीम नव्हती. साठीच्या आसपासच्या धडधाकट माणसांची स्मरणशक्ती आणि दवाखान्यातल्या विसराळू रुग्णांची, यांची तुलना एक विद्यार्थिनी करत होती. विद्यापीठाच्या पारितोषिकासाठी तिचं नाव पुढे गेलं होतं. धडधाकटांच्या गटात एक जण कमी पडला, तेव्हा तिने हक्काने काकांना विचारलं. वर म्हणाली, “यादी नवी आहे हं, काका.”

काका ‘हो’ म्हणाले खरे, पण नव्या यादीची त्यांना धास्ती वाटली.

चार-पाच महिने काहीतरी बिनसलं होतं. गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं तरी पत्ता नाही. नात शाळेच्या फाटकाशी तासभर ताटकळली, आणि आजोबा घरी पेपर वाचत बसलेले. बायकोला त्यांनी ‘उन्हाचा त्रास’ म्हणून गप्प केलं. पण विभागात हे कळलं तर कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आधी जाईल, आणि नोकरीची अजून दोन वर्षं बाकी होती.

मग त्यांनी काय करावं? प्रयोगाच्या दिवशी सकाळी झाडलोट करताना विद्यार्थिनीच्या टेबलाचा खण उघडला आणि नवी यादी चिठ्ठीवर उतरवून घेतली. लबाडीच ती, दुसरं काय म्हणणार? काचा पुसताना, खुर्च्या लावताना, जिना उतरताना ओठ हलत राहिले. घाम फुटला, पण शब्द बसले. बाराच्या सुमारास ते खुर्चीत बसले आणि वीस मिनिटांनी पंधराही शब्द घडाघड म्हणून मोकळे झाले.

“पंधरापैकी पंधरा!” पोरगी खुलली. “काका, माझ्या गटात तुम्ही पहिले.”

तिने आकडा लिहायला घेतला. खोट्या आकड्याने काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. एका मुलाची दोन वर्षांची मेहनत अशीच वाया गेली होती. मागच्या जिन्यावर बसून तो हमसाहमशी रडला, तेव्हा त्याला पाणी काकांनीच नेऊन दिलं होतं.

“लिहू नकोस,” ते म्हणाले. खिशातली चिठ्ठी काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

चिठ्ठी उघडून तिने आपलीच यादी वाचली. रागवावं की काय करावं, हे तिला कळेना. मग हळूच म्हणाली, “का पण, काका?”

“दुसरी यादी आहे ना कपाटात? ती घे. मग तुला कळेल.”

तिने वाचली. वीस मिनिटं गेली. मग काका बोलायला लागले. “कात्री. पायरी.” खूप वेळ गेला. “खिडकी, दोरी, शिडी, बटण...” आणि जुनी यादी त्यांनी अथपासून इतिपर्यंत म्हटली. या वेळी एकही शब्द गाळला नाही. म्हणून झाल्यावर तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, तेव्हा आपण कुठली यादी म्हटली ते त्यांना कळलं.

टेबलावर दोन फायली होत्या, एक धडधाकटांची, एक रुग्णांची.

“आता मला कुठल्या फायलीत घालशील?”

“कुठल्याच नाही,” ती म्हणाली. तिने दोन्ही फायली मिटल्या. “उद्या आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ.”

काकांनी मान डोलावली. मग कमरेचा जुडगा सोडून तिच्या हातात दिला.

“हा तू ठेव,” ते म्हणाले. “आणि उद्या जायचंय ते मला सकाळी परत सांग.”