गावडे सासू-सुनेच्या नळ्या

मोठ्या मॅडम कुणाचंही नाव तोडत नसत. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सगळ्यांची छाटणी झालेली; संदीपचा सँडी, प्रदीपचा पॅडी. मला मात्र त्या "पुरुषोत्तम" अशी अख्खी हाक मारायच्या, आणि आता आपण काय घोळ घातलाय ते आठवत मी उभा राहायचो.

आम्ही रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी प्रोग्राम लिहीत होतो. नळीच्या स्टिकरवर जागा एवढीशी, म्हणून पेशंटचं इंग्रजीतलं नाव छोटं करायचं. मॅडमची पद्धत ठरलेली: पहिलं अक्षर राखायचं, मागून स्वर गाळायचे, आणि दोन नावं सारखी झाली तर वेगळी होईपर्यंत एकेक अक्षर परत द्यायचं. "आखूड कर, पण दोघांचा एक करू नकोस," म्हणायच्या. हे करणारं तयार फंक्शन आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेतच होतं. पण तयार वापरेन तर मी कसला! मॅडम रजेवर असताना मी आडनाव आधी, नाव नंतर घेऊन पहिली आठ अक्षरं ठेवली, बाकी उडवली. एका ओळीत काम. ती ओळ दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरलो.

त्या परतल्या त्या दिवशी लॅबने कौतुकाने कळवलं की कांदिवलीच्या सुमती गावडे खूश आहेत. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची साखर नॉर्मल आली. मी कॉलर ताठ केली. मॅडमनी एवढंच विचारलं, "त्यांच्याबरोबर कोण आलं होतं?"

सून आली होती, सुमेधा गावडे. गरोदर आहे का ते तपासून घ्यायला. दोघींच्या नळ्यांवर 'GAVADESU'. सुनेची तपासणी सासूच्या रक्तावर झाली होती, आणि रिपोर्टात 'नाही' आलं होतं.

मॅडमनी उरलेलं रक्त पुन्हा तपासून घेतलं आणि रिक्षात मला शेजारी बसवून कांदिवली गाठली. सांगायला मलाच लावलं. मी अडखळत सांगितलं, की सासूबाईंची साखर वाढलेलीच आहे, आणि सुनेचा रिपोर्ट 'होय' आहे. सासूबाई सुमेधाताईंना जवळ घेत म्हणाल्या, "मरांदे ती साखर."

परतताना मी बोलणी खायच्या तयारीत होतो. मॅडम फक्त म्हणाल्या, "सहा तास ती मुलगी 'नाही' म्हणून बसली होती, पुरुषोत्तम."

पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात मी माझ्या सगळ्या फजित्या रंगवून सांगितल्या, लोक पोट धरून हसले. हे सहा तास तेवढे सांगता आले नाहीत.